सात-दहाची व्हॅन

साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते. सकाळी येणारे बहुतेक लोक उपाशीपोटी आलेले असतात. चहाची तलफ दाबून बाकावर बसतात, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतात आणि जरा वेळ झाला की चिडतात. त्यांच्याशी मी फार शांतपणे बोलते. लहान मूल आलं की आधी त्याच्याशी गप्पा मारते, माझ्या हाताला हात लावू देते, मग सुई. खेड्यातून आलेल्या बायका उठताना म्हणतात, "ताई, तुमचा हात लय हलका हाय." हे ऐकायला बरं वाटायचं. फक्त मनात एक विचार येऊन जायचा, की या बायकांनी मला तासाभरापूर्वी घरी बघितलं असतं तर?

माझा नवरा फौजेत आहे. वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो, एरवी फोनवर. घरात मी आणि दोन मुलं. थोरली चौथीत आणि धाकटा पहिलीत होता तेव्हाची ही गोष्ट. शाळेची व्हॅन सात वाजून दहा मिनिटांनी खाली यायची आणि मला साडेसातला लॅबचं कुलूप उघडायचं असायचं. साडेपाचला उठून मी दोघांचे डबे करायचे, सव्वासहाला मुलांच्या खोलीच्या दारातून पहिली हाक द्यायचे आणि तिथून सात-दहापर्यंत माझा आवाज चढत जायचा. ऊठ. ऊठ म्हणते ना. ब्रश केलास? दूध पी. बूट कुठंय? डायरीवर सही कधी सांगणार, आता? हे सगळं मी ओट्यापाशी उभी राहून, गाऊनमध्ये, हाताला पीठ लागलेलं असताना ओरडत असायचे. मुलांना पोळीचा वास येत असेल आणि भिंतीपलीकडून आईचा आवाज. आई स्वतः दिसायची ती एकदम शेवटी, जेव्हा ती येऊन हाताला धरून ओढायची.

यात थोरलीचा काही त्रास नव्हता. ती हाक मारली की उठायची आणि पाचच मिनिटांत युनिफॉर्म, वेणी, बूट, सगळं करून तयार. शेजारच्या वहिनींना मी कौतुकानं सांगायचे, "पोरगी सोन्यासारखी आहे, मला तिच्याकडं बघावंच लागत नाही." खरंच बघत नव्हते. एक गोष्ट तेवढी खटकायची. तिचा युनिफॉर्म मी आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवायचे, तरी सकाळी पाठीवर चुण्या पडलेल्या असायच्या. इस्त्रीच नीट होत नाही म्हणून मी नवी घेतली.

त्रास होता तो धाकट्याचा. त्याला उठवायचं जिवावर यायचं, म्हणून मी त्याला शेवटच्या घटकेपर्यंत झोपू द्यायचे आणि मग एकदम उचलून बाथरूममध्ये उभा करायचे. त्याचं रोजचं एक ठरलेलं होतं. बाकी सगळं झालं की मोजा घालताना तो रडायचा. "टोचतोय." कुठं टोचतोय ते कळायचं नाही. मोजे नवे आणले, मऊ आणले, तरी टोचतोय. खाली व्हॅनचा हॉर्न आणि हा पाय आपटतोय.

त्या हिवाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. ते आटपाडीच्या बाजूचे. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कऱ्हाडाकडं, कृष्णाकाठाला उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला माघारी गावी. आता कळप मोडला होता, चार शेरडं तेवढी राहिली होती, ती सासूबाई सांभाळत होत्या. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दोन महिन्यांनी करायचं ठरलं, आणि धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब, म्हणून त्यांना मी साताऱ्यातच ठेवून घेतलं. मी त्यांना मामा म्हणते. मुलं आणि नवरा आबा म्हणतात.

ते हॉलमध्ये कॉटवर झोपायचे. पहिल्याच सकाळी मी स्वयंपाकघरातून सुरू झाले आणि पाचेक मिनिटांत ते काळा चष्मा लावून, एका हातानं भिंत चाचपत दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं पोरी? गावाकडनं फोन आला व्हय?"

"नाही मामा. शाळेची वेळ झालीय."

"आसं व्हय," म्हणाले. "मला वाटलं, कोण गेलं का काय."

मी हसले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सव्वासहा झाले की घोंगडी घेऊन ते बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. थंडीत बाहेर का बसता म्हटलं, तर म्हणाले, "हितं बरं हाय." व्हॅन गेली की आत यायचे. सून म्हणून मला त्याचं वाईट वाटायचं, पण त्यावर विचार करायला तेव्हा वेळ नव्हता.

पुढं एक सकाळ आली, ती मी विसरणार नाही. आदल्या दिवशीचं धाकट्याचं चित्र राहिलं होतं ते त्याला सकाळी आठवलं. गॅस मध्येच संपला, सिलिंडर बदलला. माझ्या गाडीची किल्ली सापडत नव्हती. व्हॅन खाली येऊन थांबली, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि धाकट्यानं मोजा काढून भिंतीवर फेकला. मी त्याच्या गालात मारली. जोरात मारली. त्याच्यावर मी त्याआधी कधी हात उचलला नव्हता असं नाही, पाठीत धपाटा वगैरे होता, पण हे तसं नव्हतं. तो रडायचा थांबला. तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत राहिला. थोरली पाठीला दप्तर लावून दाराशी उभी होती, ती जमिनीकडं बघत होती. खालून व्हॅन निघून गेल्याचा आवाज आला.

दोघांना स्कूटरवर घेऊन शाळेत सोडलं. धाकटा एक पाय मोज्याशिवायच बुटात घालून गेला. 

लॅबवर पोचले तेव्हा दारात सहा-सात माणसं ताटकळत उभी होती. माफी मागितली, हात धुतले, कामाला लागले. चौथा की पाचवा नंबर एका चार-पाच वर्षांच्या मुलीचा होता. ताप उतरत नव्हता म्हणून आईनं आणलेली. हात मागं लपवून रडत होती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि नेहमीसारखी बोलायला लागले, "घाई नाही हं बाळा. तू म्हणशील तेव्हा. आपल्याला काही घाई नाही." आणि बोलता बोलता माझा मलाच आवाज ऐकू आला. बाहेर अजून माणसं होती, ती चिडलेली होती, उशीर मीच केलेला होता, म्हणजे घाई तर होतीच. तरी मी या परक्या मुलीला घाई नाही म्हणत होते आणि ती त्यावर विश्वास ठेवून हात पुढं करत होती. त्या दिवशी पहिल्या सुईत तिची शीर मला सापडली नाही. बऱ्याच दिवसांनी असं झालं. दुसऱ्यांदा टोचावं लागलं.

दुपारी दोनला सुटून घरी आले. मुलं अडीचला यायची. मामा कॉटवर बसले होते. त्यांच्या डोळ्यात थेंब घातले आणि उठणार तर म्हणाले, "बस वाईच."

मला वाटलं, सकाळच्या मारण्याबद्दल बोलणार. खाली मान घालून बसले.

"तुजी लेक कवा उठती, ठावं हाय का तुला?"

"सव्वासहाला. मी हाक मारते की."

"न्हाई. पाचाच्या आदी उठती. मी जागाच आसतो. आंधारात हितं येऊन कापडं घालती, केसं इंचारती, बूटसुदिक पायात घालून बघती आन् काढून ठेवती. मंग तसंच युनिफारमावर पांघरूण घेऊन पडती. तू हाक मारली का उठती." मांडीवरची घोंगडी सारखी केली. "मला म्हणली, आबा, मम्मीला सांगू नका. मी न्हाई सांगितलं. पर आज सांगतो."

मला आधी त्या पाठीवरच्या चुण्या आठवल्या. मग शाळेतल्या बाईंनी डायरीत लिहिलेलं आठवलं, की मधल्या सुट्टीनंतर पेंगते, लवकर झोपवत जा. मी तिला त्यावरून बोलले होते.

त्या दिवशी मुलं आली, जेवली, धाकटा आबांजवळ जाऊन आडवा झाला. थोरलीला मी गच्चीवर कपडे काढायला बरोबर घेतलं. दोरीवरचे कपडे तिच्या हातात देत देत विचारलं. तिनं आधी नाहीच म्हटलं. मग म्हणाली, "आबांनी सांगितलं?"

"मी रागावत नाही. का उठतेस एवढ्या लवकर?"

तिनं एक टॉवेल घेतला आणि त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तू ओरडायला लागलीस की मला काही सुचत नाही. मी तयार असले की तू फक्त त्याला ओरडतेस. मग ते लवकर संपतं."

मी तिला जवळ घेतलं. नऊ वर्षांच्या मुलीनं माझं ओरडणं निम्म्यावर आणायची सोय शोधून काढली होती आणि मी ती सोय तिचा गुण म्हणून शेजारीपाजारी सांगत होते.

त्यानंतर सगळं एका दिवसात बदललं असं काही झालं नाही. मी आधी लॅबच्या डॉक्टरांशी बोलले. त्या कडक आहेत, पण ऐकून घेतलं. साडेसातऐवजी आठला ये आणि दोनऐवजी अडीचपर्यंत थांब, म्हणाल्या; लवकर येणाऱ्यांचं रक्त अर्धा तास मी घेईन. मामा घरी होते, त्यामुळं दुपारचा प्रश्न नव्हता. मला वाटलं, आता सुटले. पण अर्धा तास मिळाला आणि तो कुठं गेला ते कळलंच नाही. पहिला आठवडा जशाच्या तशा सकाळी. मोबाईलवर बघून मी एक तक्ता केला. ब्रश, दूध, कपडे, दप्तर, प्रत्येकापुढं चांदणी चिकटवायची. तो कपाटाला लावला. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावरून ओरडत होते, "तक्त्यावर काय लिहिलंय वाच!" धाकट्यानं चांदण्या स्वतःच्या कपाळाला लावून घेतल्या होत्या.

त्या दुपारी मामांना डाळिंब सोलून देता देता मी सहज विचारलं, "मामा, तुम्ही दोन-दोनशे मेंढरं पहाटे उठवून चालायला लावायचा. कसं काय?"

"उठवत न्हाई कोन," ते म्हणाले. "आदी आपुन उठायचं. बिऱ्हाड बांधायचं, घोडी लादायची. मेंढरं बघत आसत्यात. आपलं आवारलं, आपुन काठी घिऊन हुबा राह्यलो, का ती उठत्यात. एक हालली का मागनं सारी. वरडलं का फुटत्यात. धा हिकडं, धा तिकडं. मंग दीस गोळा करन्यात जातो."

पोरांची मेंढरांशी तुलना मला आवडली नाही. माणसाच्या पोराला शाळेत जायचं असतं, चरायला नाही. पण त्यातली एक गोष्ट डोक्यात राहिली. आपलं आवरलं. माझं कधी आवरलेलंच नसायचं. मुलांनी सात वाजता तयार असावं असं मला वाटायचं, आणि सात वाजता मी स्वतः गाऊनमध्ये, केस न विंचरलेली, किल्ली हुडकत फिरत असायचे. घरात सगळ्यात मागं मी असायचे आणि सगळ्यांना पुढं हाकलायचे.

म्हणून मी तेवढं एकच बदललं. उठल्यावर आधी आंघोळ, साडी किंवा ड्रेस, केस, पर्स, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. मगच ओटा. भाजी संध्याकाळीच चिरून ठेवायची, आणि दप्तरं संध्याकाळच्या जेवणाआधी भरायची म्हणजे भरायची. सहा वाजेपर्यंत माझं सगळं झालेलं असायचं. चपला घालायच्या तेवढ्या बाकी.

दुसरं मी लॅबमधून घरी आणलं. लॅबमध्ये मी लांबून कोणाला काही सांगत नाही. जवळ जाते, समोर बसते आणि मग बोलते. घरीही ठरवलं, की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काही बोलायचं नाही. सांगायचं असेल तर गॅस बारीक करून उठून जायचं. फार पायपीट होते त्यात. पण पायपीट करायची म्हटल्यावर सांगायच्या गोष्टीच कमी होतात. विसातल्या पाच उरल्या. बाकीच्या पंधरा पोरांना माहीतच होत्या.

धाकट्याला मी आता लवकर उठवायला लागले, सहालाच. उठवायचं म्हणजे उचलून हॉलमध्ये मामांच्या घोंगडीत नेऊन ठेवायचं. तिथं तो डोळे मिटून त्यांना टेकून बसायचा. दूध आलं की प्यायचा. वीस-पंचवीस मिनिटं त्याला कोणी काही म्हणायचं नाही, आबासुद्धा नाही. मग तो आपणहून बोलायला लागायचा, आणि एकदा बोलायला लागला की तो जागा झाला. मामा आता जिन्यावर जात नव्हते.

मोज्याचं त्याच घोंगडीत बसून कळलं. एक दिवस मी त्याच्यासमोर खाली बसले, पाय मांडीवर घेतला आणि म्हटलं, "दाखव मला, नेमकं कुठं?" त्यानं बोट ठेवलं ते करंगळीच्या टोकावर, जिथं मोज्याची शिवण येते तिथं. शिवण जाड होती, खरंच टोचण्यासारखी. मी मोजा उलटा केला आणि घातला. तो उभा राहिला, दोन पावलं चालला.

"आता नाही टोचत," म्हणाला. अगदी साधं. त्याला मुळीच नवल वाटलं नाही. तो वर्षभर हेच तर सांगत होता.

त्या दिवसापासून तो मोजे उलटे घालूनच शाळेत जातो. बुटातलं कोणाला दिसतंय?

थोरलीचं मात्र सोपं नव्हतं. सकाळी ओरडणं थांबलं, महिना होत आला, तरी ती पाचला उठतच होती. मी एक चूक केली. तिला झोप मिळावी म्हणून युनिफॉर्म माझ्या कपाटात ठेवला आणि सांगितलं, सव्वासहाला देईन. पहाटे पाचला कोणीतरी बघतंय असं वाटून मला जाग आली. ती माझ्या उशाशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. थंडीनं कुडकुडत होती. "मम्मी, युनिफॉर्म देतेस?" मी उठून दिला. तिचे हात बर्फासारखे होते.

मग मी दुसरं काही केलं नाही. पाचला मीच तिच्या अंथरुणात जायला लागले. ती उठून बसलेली असायची. मी तिच्या शेजारी आडवी व्हायचे, पांघरूण दोघींवर घ्यायचे आणि गप्प पडून राहायचे. कधी ती युनिफॉर्म घालून झोपलेली असायची, कधी निम्मा. मी काढ म्हणत नव्हते. सव्वापाचला मी उठायचे. कधी कधी तेवढ्यात तिचा श्वास लांबलेला असायचा, कधी नाही. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत.

याच सुमारास नवरा सुट्टीवर आला. घर भरल्यासारखं झालं. मुलांना वडील म्हणजे सण. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उत्साहानं मुलांचा ताबा घेतला. शिट्टी आणली होती बरोबर. सहा वाजता ती वाजवली आणि "चलो, उठो, दो मिनट!" धाकट्याला तो खेळच वाटला, तो सलाम ठोकत पळाला. मी थोरलीकडं बघितलं. ती पूर्ण तयार होऊन पलंगाच्या काठावर बसली होती. वेणीसकट.

मला कसं सांगावं ते कळेना. चार महिन्यांनी आलेला माणूस, त्याला पहिल्याच दिवशी हे करू नको म्हणायचं?  तिसऱ्या दिवशी मामाच बोलले. मुलं शाळेत गेली होती, आम्ही तिघं चहा घेत होतो.

"ती शिट्टी ठेव आत," ते म्हणाले.

नवरा हसला. "आबा, शिस्त नको का?"

"पोरगी भेती."

"भीत नाही हो. सगळ्यात आधी तयार असते ती."

"भेती म्हणून तयार आसती."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला चुण्यांपासून सगळं सांगितलं. थोबाडीत मारलेलंही सांगितलं, ते फोनवर सांगितलं नव्हतं. तो ऐकत होता, पण त्याच्या मनात दुसरंच काही चाललं असावं. मामांना म्हणाला, "मला तुम्ही कसं उठवायचा, आबा? मला आठवत नाही."

मामांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी कुटं व्हतो? आठ म्हैनं मेंढरांमागं. तुज्या आयनं उठावलं आसंल. माजं तर तुला शाळंत जाताना बघायचंबी राह्यलं." चष्म्याखालून पाणी आलं, ते त्यांनी रुमालानं टिपलं. "ऑपरेशनमुळं येतंय," म्हणाले. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं.

नवरा उठून गॅलरीत गेला. दुसऱ्या दिवशी शिट्टी नव्हती. तो साडेपाचला उठला, दाढी केली, आंघोळ केली आणि मला म्हणाला, "मी काय करू?" मी म्हटलं, "काही नको. थोरलीशेजारी जाऊन पड." एवढा उंच माणूस त्या लहान पलंगावर कसा मावला कोण जाणे, पाय बाहेर लोंबत होते. मी सव्वासहाला बघायला गेले तर दोघं झोपले होते. तिच्या अंगावर रात्रीचा फ्रॉक होता. मी दोन मिनिटं हाक मारली नाही.

सुट्टी संपली, तो गेला. मामांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि उन्हाळा लागायच्या आत त्यांनी गावाला जायचा धोशा लावला. शेरडं आहेत, सासूबाई एकट्या आहेत. आटपाडीच्या एसटीत मी त्यांना बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, "पोरांना वरडू नगंस." मी म्हटलं, "ओरडेन कधीतरी, मामा. माणूस आहे." ते म्हणाले, "व्हय. पर दारातनं न्हाई. जवळ जाऊन वरड."

ते गेल्यावर अडचण झालीच. दुपारचा अर्धा तास शेजारच्या वहिनींनी सांभाळला, पण सकाळचं तसं नव्हतं. धाकटा सकाळी हॉलमध्ये जाऊन रिकाम्या कॉटकडं बघून रडला. घोंगडी मामा ठेवून गेले होते, पण नुसत्या घोंगडीला कोण टेकणार? आठवडाभर सकाळी पुन्हा विस्कटल्या, मी एक-दोनदा ओरडलेही. मग मी पोळ्यांची कणीक आदल्या संध्याकाळी मळून ठेवायला लागले आणि वाचलेल्या दहा मिनिटांत स्वतःच चहाचा कप घेऊन त्या कॉटवर बसायला लागले. धाकटा येऊन मला टेकतो. मी फार बोलत नाही. त्याच्याएवढीच ती दहा मिनिटं आता मला लागतात.

जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली. थोरली पाचवीत गेली. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी तिला सव्वासहाला हाक मारायला गेले. जवळ जाऊन, खांद्याला हात लावून. ती हलली नाही. पुन्हा हलवलं. तिनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि आतून चिडक्या आवाजात म्हणाली, "मम्मी, पाच मिनिटं ना गं. काय कटकट आहे."

असं ती मला त्याआधी कधीच म्हणाली नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले आणि पाच मिनिटं दिली. मग अजून पाच. शेवटी तिची वेणी अर्धीच झाली, पाण्याची बाटली राहिली, व्हॅन दोन हॉर्न देऊन धाकट्याला तेवढं घेऊन गेली आणि ती दाराशी उभी राहून माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

"चल," म्हटलं, "स्कूटरवर सोडते. केस पुरे करू आधी."

ती पाठ करून माझ्यासमोर बसली. मी उरलेली वेणी घातली, रिबन बांधली. पाठीवर हात फिरवला. युनिफॉर्मला इस्त्रीची घडी तशीच होती. वाटेत ती माझ्या कंबरेला धरून शाळेतल्या कुठल्यातरी भांडणाची लांबलचक हकीगत सांगत होती, निम्मी वाऱ्यात उडून गेली. शाळेचं गेट बंद व्हायच्या बेतात होतं. ती उडी मारून उतरली, पळाली, आणि पळताना तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.